सुनेचा मोकळा हात

"काय चाची, ओळखलं का?" असं म्हणत कुणी समोर उभी राहिली, की मदिनाबी तिच्या तोंडाकडं बघून आधी गोंधळायची. मग तिचा हात आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी जरा दाबून बघायची आणि म्हणायची, "व्हय की. तू वरच्या आळीची. अंगठा लय ताठ तुजा, लगनात घाम फोडलावता मला." बाया हसायच्या. तिला चेहरे लक्षात राहत नसत, पण एकदा धरलेला हात ती विसरत नसे.

औंधला यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी तिचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक फळी. मण्याराच्या घरात ती सून म्हणून आली तेव्हा सासू बांगड्या भरायची, आणि सासऱ्यामागं नवरा शमशेर सायकलला माळांची पेटी बांधून गावोगाव फिरायचा. शमशेर गडी शांत होता. वाड्या-वस्त्यांवर गेलं की तो मदिनाबीला पेटी उतरवून द्यायचा आणि लांब झाडाखाली जाऊन बसायचा, कारण बायका बांगड्या भरताना गडीमाणूस तिथं थांबत नाही. तो वारल्यावर मदिनाबी एसटीनं फिरू लागली. दुकानात आता तिची सून सिमरन बसते. तिनं टिकल्या, क्लिपा, प्लास्टिकचे कडे ठेवलेत आणि पैसे फोनवर घेते. "अम्मी, काचेला आता कोण विचारतं?" असं ती म्हणते. पण लग्न असलं, डोहाळजेवण असलं, की गावागावांतून मदिनाबीलाच फोन येतो.

सासूनं तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक म्हणजे, बांगडी ढकलायची नाही, हात मऊ करायचा. हात मऊ झाला की बांगडी आपली आपण जाते. आणि दुसरी, ज्या घरात हात धरला त्या घरातलं तिथंच ठेवायचं. बाई हात देते तेव्हा तिच्या तोंडून काहीबाही निघतं. नणंदेचं, जावेचं, नवऱ्याचं. ते ऐकायचं आणि उंबऱ्याच्या आत सोडून यायचं. असं वागलं म्हणूनच मराठ्यांच्या घरांत माजघरापर्यंत मण्यारणीला वाट होती. मदिनाबीनं ही गोष्ट इतकी पाळली, की पुढं पुढं ती कुणाला काही विचारेनाशीही झाली.

औंधपासून थोडं खाली एक गाव आहे. कॅनॉलचं पाणी आल्यापासून तिथं ऊस उभा राहिला आणि घरांवर मजले चढले. त्यातल्या एका दुमजली घरात हरणाबाई राहायची. थोरला मुलगा फौजेत, धाकटा धैर्यशील घरची शेती आणि उसाच्या वाहतुकीचे ट्रॅक्टर बघणारा. धैर्यशीलचं लग्न झालं तेव्हा चुडा भरायला मदिनाबीच होती. नवरी तासगावकडची, द्राक्षबागेवाल्यांची, राजेश्वरी. हात असा लोण्यासारखा, की दोन्ही हातांत चुडा जाईपर्यंत मदिनाबीला साबणाला बोट लावावं लागलं नाही. "असा हात नशिबानं मिळतुया आमाला," ती म्हणाली होती, आणि राजेश्वरी इतकी लाजली, की तिनं ओंजळीत तोंड लपवलं.

त्यानंतर त्या घरून फोन यायचा तो सणावारालाच यायचा असं नाही. आषाढात, भर उन्हाळ्यात, कधी दिवाळी होऊन आठवडाही झालेला नसताना हरणाबाईचा फोन. "मदिनाबी, सुनंच्या बांगड्या वाढल्यात गं. येऊन भरून जा."

सवाष्णीची बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. भांडी घासताना वाढते, जनावराला दावं लावताना वाढते. एखाद-दुसरी वाढते. राजेश्वरीचा हात पुढं यायचा तो कोपरापर्यंत मोकळा असायचा, आणि मनगटाच्या वर काचेचे बारीक ओरखडे. कधी निळं, कधी निळ्याचं पिवळं झालेलं. मदिनाबी बघायची आणि माळ सोडायची.

"अजून चार भरा, चाची," राजेश्वरी म्हणायची.

"कोपरापातूर व्हत्यात की गं."

"असू द्या. मला आवडत्यात."

मदिनाबी मग गडद हिरव्या, जाड काचेच्या, एकीला एक खेटून भरायची. आतलं काही दिसायचं नाही. आपण पोरीवर माया करतोय, असंच तिला वाटायचं. चार माणसांत जायचं असतं, कुणी काही विचारायला नको. जाताना ती रीतीप्रमाणं वाढीव एक बांगडी भरायची आणि राजेश्वरी वाकून तिच्या पाया पडायची.

मधल्या एका पावसाळ्यानंतर राजेश्वरीच्या उजव्या हाताला नेहमीची बांगडी जाईना. डाव्यात सहज जायची, उजव्यात मनगटाच्या वर जाऊन अडकायची. तिथं हाड थोडं उचलल्यासारखं लागायचं. मदिनाबीनं तेव्हापासून तिच्या उजव्या हाताला एक नंबर मोठी बांगडी धरली. माळा वेगळ्या बांधून न्यायची. का, ते तिनं विचारलं नाही आणि राजेश्वरीनंही सांगितलं नाही.

धैर्यशीलचं म्हणाल तर बोलायला गोड माणूस. वाटेत भेटला तर गाडी थांबवून "चाची, बसा, सोडतो" म्हणायचा. बांगड्यांच्या भावात कधी घासाघीस केली नाही. बायकोला बरं नसलं की स्वतः गाडीत घालून गावातल्या दवाखान्यात न्यायचा, आणि आयाबाया आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला द्यायच्या.

यंदा यमाईची यात्रा तोंडावर आली होती. सकाळी मदिनाबी दुकानासमोर पाणी मारत होती, तेवढ्यात हरणाबाईचा फोन आला. मिळेल त्या गाडीनं ये म्हणाली.

ती पोचली तेव्हा राजेश्वरी मधल्या घरात भिंतीला टेकून बसली होती. डावा हात बांगड्यांनी भरलेला, उजवा मोकळा, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवलेला. मनगट सुजून तट्ट झालं होतं.

"न्हाणीत पाय घसारला," हरणाबाई म्हणाली. "दवाखान्यात न्यायचीया. धैर्या गाडी काढतुया. म्हनलं असा मोकळा हात घिऊन न्यायची का? समदी औंधातली माणसं वळखीची."

"आक्का, सूज लय हाय. येताना भरल्या तर?"

"येताना काय उपेग? जाताना दिसायचं ती दिसंलच की. मोठी भर. दोन नंबर मोठी भर."

मदिनाबीनं हात हातात घेतला. गरम होता. अंगठ्याखाली दाबलं तेव्हा आत काहीतरी सरकल्यासारखं, करकरल्यासारखं तिच्या बोटांना लागलं. तिनं राजेश्वरीकडं पाहिलं. राजेश्वरी समोरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

"भरा चाची," ती हळूच म्हणाली. "लवकर भरा."

आणि मदिनाबीनं भरल्या. साबणाचं पाणी घेतलं, एकेक करून भरल्या. त्या वेळी तिच्या डोक्यात एकच होतं, हरणाबाई म्हणते ते खरं आहे, मोकळा हात दिसला तर लोक पोरीला विचारून विचारून बेजार करतील. राजेश्वरीच्या पायाची बोटं आत वळली होती, ती मदिनाबीला दिसली आणि नंतर डोळ्यांपुढून जाईनात.

परतीच्या एसटीत तिला खिडकीतून ऊस दिसत नव्हता की रस्ता. दुकानात येऊन बसली तर सिमरननं चहा दिला, तो तसाच राहिला.

दुपार कलायच्या आत दुकानासमोर धैर्यशीलची बोलेरो उभी राहिली.

"चाची, चला. बांगड्या काढायला लागत्यात. हात लय सुजलाय. डॉक्टर कापा म्हनतोय आन् आई कापू दीना."

मदिनाबीनं साबण, तेलाची बाटली आणि एक मऊ प्लास्टिकची पिशवी घेतली. गाडीत तो बोलत होता. "सांगून ऐकतच न्हाई बगा. ओल्या पायानं हिंडत्या. आमच्या मागं काय कामं कमी हायती का?" आवाज नेहमीसारखाच मऊ. मदिनाबीनं बाहेर बघत "व्हय बाबा" म्हटलं.

औंधच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. खिडकीच्या काचेवर हाताचा फोटो धरून उभे होते. शेजारी दीपमाला सिस्टर, आणि स्टुलावर हरणाबाई, पदर घट्ट ओढून. राजेश्वरी पलंगावर बसलेली. तिच्या उजव्या हाताची बोटं जांभळट पडली होती, आणि सकाळी भरलेल्या दोन नंबर मोठ्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. मदिनाबीला ते बघवलं नाही.

"ताई, कसं झालं हे?" डॉक्टर राजेश्वरीला विचारत होते. बहुतेक पहिल्यांदा नव्हे.

"न्हाणीत घसरली साहेब," धैर्यशील दारातून आत येत म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

"ती लाजती साहेब. डॉक्टर म्हनलं की तिची वाचाच जाती. गावातला दवाखानाबी मलाच इचारतो, काय व्हतंय हिला."

डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवलं. "इथं आत्ताचं मोडलंय. आणि हे बघा, याच्या वर. हे जुनं आहे. मोडून वाकडं जुळलेलं. हे कधी झालं?"

"न्हाई ओ. आधी कवाच काय न्हाई झालं."

"ताई?"

राजेश्वरीनं मान हलवली. ती हो होती की नाही, कुणाला कळलं नाही. पण मदिनाबीला तो पावसाळा आठवला, मनगटाच्या वर अडकलेली बांगडी आठवली. त्या वाकड्या हाडाला जागा व्हावी म्हणून एक नंबर मोठी माळ तिनं स्वतःच्या हातानं बांधून नेली होती.

डॉक्टर म्हणाले, "हे राहू द्या. आधी बांगड्या काढायच्या. बोटांना रक्त पोचत नाहीये. कटर आहे आमच्याकडं."

"कापायच्या न्हाईत," हरणाबाई म्हणाली. "माजा लेक जित्ता हाय. त्याच्यासमूर त्याच्या बायकूच्या बांगड्या कापायच्या?"

"आई, हात जाईल त्यांचा," डॉक्टर म्हणाले.

"ही आली की काढणारी. काढ गं मदिनाबी."

मदिनाबीनं सामान खाली ठेवलं आणि दारात उभ्या असलेल्या धैर्यशीलकडं बघितलं. "बाबा, भाईर जा. बांगड्याच्या जागी गडीमाणूस थांबत न्हाई."

हे धैर्यशीललाही ठाऊक होतं. लहानपणापासून तो अंगणात हाकलला गेलेला होता. "चहा घिऊन येतो," म्हणाला आणि गेला. डॉक्टरांनी सिस्टरकडं पाहिलं, सिस्टरनी मान हलवली. "तुम्ही बघा. मी पाच मिनिटांत येतो," म्हणून तेही बाहेर पडले. सिस्टरनी दार लोटून घेतलं.

मदिनाबीनं सुजलेल्या हातावर ती मऊ पिशवी चढवली, तेल सोडलं. दीपमाला सिस्टर राजेश्वरीजवळ बसल्या आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशा, म्हणाल्या, "घरात कुणी हात उचलतं का, ताई?"

राजेश्वरीचे ओठ हलले. तेवढ्यात तिची नजर स्टुलावर गेली. हरणाबाई गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ, तिच्याकडंच बघत होती. राजेश्वरीनं तोंड मिटलं.

"न्हाणीत घसारली," हरणाबाई म्हणाली. "किती येळा सांगायचं?"

सिस्टर म्हणाल्या, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"का म्हून? माजी सून हाय. मी हालत न्हाई."

आता ही जात नाही, हे मदिनाबीला दिसलं. बांगड्या निघतील, हाताला प्लास्टर लागेल, आणि संध्याकाळी पोरगी त्याच गाडीतून त्याच घरात जाईल. पुढच्या वेळी फोन येईल, आणि मग आपण तीन नंबर मोठी घेऊन जायचं. उभ्या आयुष्यात तिनं कुणाच्या घरात तोंड घातलं नव्हतं. त्या गावातली निम्मी गिऱ्हाइकी हरणाबाईच्या शब्दावर चालते हेही तिला माहीत होतं.

"आक्का," ती म्हणाली, "तुमीबी भाईर जावा."

"मी? मी काय गडीमाणूस हाय?"

"तसं न्हवं. सुनंचा हात मोकळा व्हतुया. सासूनं बगायचा नसतुया."

"हे कुठलं आणलंस?"

"रीत हाय. आमच्या सासूनं शिकीवलंय. दुसऱ्या कुनी बगितला तर चालतं. सासूची नजर पडली तर..." मदिनाबीनं वाक्य तिथंच सोडलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या कानाची पाळी धरली.

"तर काय?"

"मी कशाला त्वांडानं बोलू आक्का? तुमचा एकच लेक घरात हाय. थोरला सीमेवर."

अशी काही रीत नव्हती. मदिनाबीच्या सासूनं तर नाहीच, कुणाच्याच सासूनं ती कधी सांगितली नव्हती. पण सवाष्णीच्या बांगड्यांत मण्यारणीचा शब्द शेवटचा, आणि हरणाबाईनं आयुष्यभर कुठलीच रीत मोडली नव्हती. ती उठली. एक बांगडी मदिनाबीच्या बोटांत सुटू लागली होती, ती दिसताच हरणाबाईनं पदर डोळ्यांवर ओढला आणि भिंत चाचपत, स्टुलाला अडखळत, दाराबाहेर गेली. बाहेरून तिचा आवाज आला, "झालं की सांग गं. मी पाठ करून बसल्या."

दीपमाला सिस्टरनी ओठ दाबले. त्यांनी आतून कडी लावली.

मदिनाबीनं पहिली बांगडी काढली, दुसरी काढली. तिसरीला राजेश्वरीनं दातांत पदर धरला.

"चाची, रीत खरी हाय?" तिनं विचारलं.

"न्हाई."

राजेश्वरीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणता आलं असतं, पण ते तिथवर पोचलं नाही.

"पोरी," मदिनाबी म्हणाली. "तुज्या उजव्या हाताला एक नंबर मोठी लागती. लगनात लागत न्हवती. का लागती, ते मी कवा इचारलं न्हाई. आज इचारते. का लागती गं?"

राजेश्वरीनं सिस्टरकडं बघितलं, दाराच्या कडीकडं बघितलं. मग सुजलेल्या हाताकडं बघत म्हणाली, "तवा ह्यांनी पाइपानं मारलंवतं. कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवरनं."

"आन् आज?"

"माजा हात दारात धरून दार लावलं."

इतकंच बोलून ती थांबली. मदिनाबीनं चौथ्या बांगडीला तेल सोडलं आणि हात मुद्दाम हळू चालवला. मग राजेश्वरी पुन्हा बोलू लागली, आणि एकदा लागल्यावर तिला थांबता येईना. डावा कान सारखा वाजतो, त्या बाजूचं नीट ऐकू येत नाही. वाकून उठलं की गरगरतं. पाइपाच्या वेळी गावातल्या दवाखान्यात नेलं, तर तिथं धैर्यशीलनं सांगितलं गुडघ्याचं आणि अशक्तपणाचं. तिला सुई मारली, टॉनिक दिलं, हाताकडं कुणी बघितलंच नाही. हात बांगड्यांखाली होता.

"मी दवाखान्यात कवा बोललेच न्हाई," ती म्हणाली. "मला काय व्हतंय ते ह्यांनीच सांगायचं. मी नुसती जीभ काढून दाखवायची."

हात बांगड्यांखाली होता, हे तिनं कुणाला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. पण मदिनाबीला ते लागलं. चार माणसांनी विचारू नये म्हणून तिनं भरलं, आणि खरंच इतक्या वर्षांत कुणीही विचारलं नाही. डॉक्टरांनीसुद्धा नाही.

शेवटच्या काही बांगड्या निघेनात. सूज वर चढली होती. सिस्टर हळूच म्हणाल्या, "आजी, वेळ घालवून चालणार नाही."

मदिनाबीनं आजवर सवाष्णीच्या हातातली बांगडी कधी जाणूनबुजून फोडली नव्हती. तिनं राजेश्वरीकडं पाहिलं.

"फोडा चाची," राजेश्वरी म्हणाली.

सिस्टरनी कापसाची जाड पट्टी बांगड्यांखाली सरकवली, वरून आणखी एक गुंडाळली. पक्कड मदिनाबीनंच हातात घेतली. काच कापसाच्या आत बसल्या आवाजात मोडली. एकही तुकडा राजेश्वरीला लागला नाही. ते सगळे तुकडे मदिनाबीनं वेचून आपल्या पदराच्या टोकाला बांधले.

डॉक्टर मागच्या दारानं आत आले तेव्हा राजेश्वरीनं तेच पुन्हा सांगितलं. या वेळी अडखळत, पण स्वतःच्या तोंडानं. डॉक्टर ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "मी हे सगळं तुम्ही सांगितलं तसं लिहिणार आहे. पोलिसांना कळवणंही आमच्याकडून होतं. त्यांच्याशी काय बोलायचं, कधी बोलायचं, ते तुम्ही ठरवा. आत्ता तुम्हाला काय हवंय?"

राजेश्वरीला हे कुणी कधी विचारलं नसावं. ती गोंधळली. मग म्हणाली, "हात बरा करा. आन् आज मला घरी धाडू नका."

"हाताला बहुतेक ऑपरेशन लागेल. साताऱ्याला पाठवतो, आमच्या ॲम्ब्युलन्सनं. सिस्टर सोबत येतील. तिथं बायकांशी बोलणाऱ्या एक मॅडम असतात, त्यांना मी फोन करतो. कानही तिथंच बघतील. माहेरी कुणाला कळवायचं?"

"भावाला."

नंबर तिला तोंडपाठ होता. सिस्टरनी स्वतःचा फोन तिच्या उजव्या कानाला लावला.

हात फळीवर बांधून वर पट्टी गुंडाळल्यावरच दार उघडलं. हरणाबाई खरोखर पाठ करून बसली होती. "कापल्या का गं?" तिनं न वळता विचारलं.

"न्हाई आक्का. वाढवल्या."

धैर्यशील चहाचे कप घेऊन आला होता. साताऱ्याचं ऐकून तो म्हणाला, "मी नेतो की गाडीतनं." डॉक्टरांनी नाही म्हटलं. तेव्हा तो मदिनाबीपाशी आला. तोंडावर हसू होतं, पण ते तिथं उगाच राहिल्यासारखं.

"चाची, आत काय बोलणं झालं?"

"बांगड्या काढल्या."

"इतका येळ?"

"काच हाय बाबा," मदिनाबी म्हणाली. "घाईनं निगत न्हाई."

त्यानं तिला घरी सोडायचं नाव काढलं नाही. ती चालत गेली. वाटेत ओढ्याच्या पुलावर थांबून तिनं पदराची गाठ सोडली आणि काचा पाण्यात टाकल्या.

त्या गावातून पुन्हा फोन आला नाही. मण्यारणीनं घर मोडलं, अशी बोलवा उठली. संक्रांतीला दरवर्षी त्या आळीत माळांवर माळा खपायच्या, यंदा कुणी दारात उभं केलं नाही. सिमरन दोन दिवस धुसफुसली. "अम्मी, आपल्याला काय करायचं होतं?" मदिनाबीलाही मधूनमधून तसंच वाटायचं. सासू असती तर काय म्हणाली असती, हे तिला कळेना.

राजेश्वरी तासगावला भावाकडं आहे. केस चालू आहे; धैर्यशीलकडची माणसं दोनदा समेटाला येऊन गेली. पुढं काय होईल ते तिलाही माहीत नाही. एकदा तिचा फोन आला. "हात पुरता वळत न्हाई चाची, पन भाकरी थापता येती. कानाला सांगलीला दाखवतोय." मग जरा थांबून म्हणाली, "हितं डॉक्टर मलाच इचारत्यात, काय व्हतंय. पयल्या खेपेला मला सांगताच येईना. दुखतंय कुठं ते मलाच ठावं न्हवतं, असं झालं."

"आता येतंय का सांगाय?"

"येतंय. लय बोलते म्हनत्यात."

उन्हाळ्यात मदिनाबी विट्याच्या बाजूला एका गावात गेली होती. हरणाबाईचं गाव तिथून लांब. घरात लग्न नव्हतं, सण नव्हता. सासूनं सुनेला हाक मारून पाटावर बसवलं. पोर कोवळी, नवी, मान खाली. उजव्या हातात दोनच बांगड्या उरलेल्या. मदिनाबीनं माळ सोडली, तेवढ्यात सासू पदर सावरत उठली.

"चालल्या कुठं?" मदिनाबीनं विचारलं.

"भाईर बसते. जुन्या काढून नव्या भरनार न्हवं? सुनंचा हात मोकळा व्हताना सासूनं बगू न्हाई."

"कुनी सांगितलं वो तुमाला?"

"अगं, तू मण्यारीण आन् तुला ठावं न्हाई? जुनी रीत हाय. हरणाक्का आमच्या पाव्हण्यात हाय, एका लगनात सांगत व्हती. त्यांच्याकडं नजर पडली म्हनं, तर काय झालं बग. समदं घर इस्कटलं." सासूनं जाताना दार ओढून घेतलं. मग पुन्हा फटीतून म्हणाली, "झालं की हाक मार."

मदिनाबीनं त्या पोरीचा हात हातात घेतला. साबणाचं पाणी जवळ होतं, माळ मांडीवर होती. तिनं बांगडी उचलली नाही. अंगठ्याच्या मुळाशी हळूच दाबलं आणि पोरीच्या तोंडाकडं नीट बघत विचारलं, "कुठं दुखतंय का गं, बाळ?"